तांबडी बत्ती लागली, म्हणून इंजिन खोलायचं?

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचं, ज्वारीच्या भावावर बोलायचं, विजेच्या बिलावर बोलायचं, ही आपली रीत. आज गाडीच्या ऑइलवर बोलायचं ठरलं तेव्हा काही जण हसले. हसणाऱ्यांपैकी निम्मे तरी बाहेर उभ्या असलेल्या जिपांतून आलेत, हे आम्ही पाहिलंय.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात जीप आली ती चैन म्हणून आली नाही. पाऊस दगा देतो, शाळू पोटरीत असतानाच जमिनीची ओल सरते, कापसाला बोंड धरायच्या वेळी ऊन पडतं. मग घरातला एक पोरगा तरी गाडीवर असावा, चार पैसे रोजचे यावेत, म्हणून ती येते. सकाळी वडाप, बाजारच्या दिवशी शेळ्या आणि माळव्याच्या पाट्या, हंगामात कापसाची बोचकी, आषाढीला पंढरपूरची खेप, आणि रात्री-अपरात्री एखादी बाळंतीण घेऊन तालुक्याला. गाडीचा हप्ता मात्र पावसाची वाट बघत नाही. इंजिन बसलं तर एका दिवसात वर्षाचा हिशेब फिरतो. आणि इंजिन बसलेलं नसताना ते बसलंय असं सांगून कुणी खोलून टाकलं, तर तितकाच फिरतो. आज आम्ही या दोन्ही नुकसानींबद्दल बोलणार आहोत.

आम्ही स्वतः शेती करतो आणि गाड्यांचं कामही करतो. शेतीच्या पैशावर गॅरेज चालत नाही, गॅरेजच्या पैशावर शेती चालते, हे वेगळं सांगायला नको. जुन्या कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, पुढे आलेल्या बोलेरो, आणि हल्ली लेकीच्या लग्नात नाहीतर नोकरदार भावाकडून आलेल्या मारुती, अशा गाड्या आमच्यापुढे येतात. त्यांच्या मालकांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, ‘ऑइलची बत्ती लागलीय, पण ऑइल तर भरपूर आहे.’

खरी गल्लत इथंच आहे, आणि ती होण्याला कारणही आहे. आपल्याकडे इंजिन पहिल्यांदा आलं ते विहिरीवर. विहिरीवरच्या जुन्या सिंगल सिलिंडर इंजिनांपैकी कित्येकांत ऑइल फिरवणारा पंप नव्हताच. खाली चेंबरमध्ये ऑइल असायचं, कनेक्टिंग रॉडला लावलेली पळी प्रत्येक फेऱ्याला त्यात बुडायची आणि ते सगळीकडं उडवायची. तिथं पट्टी काढून बघितली, ऑइल खुणेपर्यंत आहे, म्हणजे काम झालं. तीच सवय आपण गाडीला लावली. पण गाडीच्या इंजिनात ऑइल किती आहे हा एक प्रश्न, आणि ते जिथं जायला पाहिजे तिथं पोचतंय का हा दुसरा. पट्टी पहिल्याचं उत्तर देते. तांबडी बत्ती दुसऱ्याचं.

हा दाब येतो कुठून ते आधी समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं की पंप दाब तयार करतो. पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो वाटेतल्या अडथळ्यामुळं. ज्यानं रात्री दारं धरली आहेत त्याला हे सांगायची गरज नाही. विहिरीवरची मोटर तीच, पाणी तेवढंच, पण पाटाला चार ठिकाणी खेकड्यांनी बिळं पाडली की शेवटच्या वाफ्याला पाणी जात नाही. इंजिनात चेंबरमधून पंप ऑइल उचलतो, फिल्टरमधून मुख्य पाटात सोडतो, तिथून क्रँकची मेन बेअरिंगं, कनेक्टिंगची बेअरिंगं, कॅमशाफ्ट, आणि सगळ्यात शेवटी वरचे रॉकर. म्हणून पाट फुटला की टाळकं आधी वाजायला लागतं. रॉकर हा शेवटचा वाफा.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट नव्या इंजिनात केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. ती झिजून वाढते तेव्हा हिशेब साधा राहत नाही. अशा बारीक फटीतून जाणाऱ्या तेलाचा नियम असा आहे की दाब तोच ठेवला आणि फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून लाखभर किलोमीटर काही जाणवत नाही आणि मग एका उन्हाळ्यात बत्ती एकदम लुकलुकायला लागते. गाडी अचानक बिघडलेली नसते, ती बरेच दिवस झिजत असते. आठपटीचा हिशेब शेवटी शेवटी डोळ्यांपुढं येतो, सावकाराच्या चक्रवाढीसारखा.

आणखी एक गोष्ट सांगतो, आम्हालाही ती वाचून नवल वाटलं होतं. १८८३ साली इंग्लंडात ब्यूशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्यानं बेअरिंगला वरून भोक पाडलं, ऑइल सोडायला. तर आस फिरताना त्या भोकातून ऑइल उलटं वर यायला लागलं. त्यानं लाकडी खुंटी ठोकली, तर खुंटी बाहेर ढकलली गेली. दाबाचं मीटर लावलं, तर काटा मीटरच्या बाहेर. म्हणजे फिरणारी आस ऑइलला आपल्याखाली ओढून घेते, त्याची पाचर बनवते आणि त्या पाचरीवर स्वतः तरंगते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानं १८८६ साली त्याचं गणित मांडलं. तुमच्या जिपेचा क्रँकसुद्धा असाच तरंगतो. पंपाचं काम एवढंच की त्या पाचरीला ऑइल कमी पडू द्यायचं नाही. ते कमी पडलं की लोखंडावर लोखंड येतं, आणि मग मिनिटं मोजायचीसुद्धा सवड मिळत नाही.

म्हणून पहिलं सांगणं असं. चालत्या गाडीत बत्ती लागली आणि विझली नाही, तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ, तिथं मिस्त्री आहे’ हा विचार करू नका. मोहोळकडच्या रस्त्यावरची एक ट्रॅक्स आमच्याकडं ओढून आणली होती. ड्रायव्हरनं बत्ती पाहिली होती. गाडीत नऊ माणसं, ऊन टळटळीत, गाव चार किलोमीटर. त्यानं माणसांचा विचार केला, त्याला वाईट कसं म्हणायचं? पण कनेक्टिंग ब्लॉक फोडून बाहेर आलं होतं. बेअरिंगाचं काम होतं, ते ब्लॉकवर गेलं. मालकानं ते इंजिन भंगारात विकलं.

आता थांबला आहात, तर तिथंच करायच्या दोन-तीन गोष्टी. पाच मिनिटं जाऊ द्या, म्हणजे ऑइल खाली उतरेल, आणि गाडी सपाटीला असताना पट्टी बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर भरा, पण गेलं कुठं तेही बघा: गाडीखाली ओघळ आहे का, फिल्टर ढिला आहे का, चेंबरला दगड लागलाय का. आपल्या रस्त्यांवर चेंबरला दगड लागणं ही काही नवलाची गोष्ट नाही. भरल्यावर बत्ती विझली तरी निर्धास्त होऊ नका. आणि पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर खूष होऊ नका, ते जास्त वाईट लक्षण आहे. त्यावर पुढं बोलू.

ऑइल बरोबर आहे, आणि तरी बत्ती आहे? तर ब्लॉकवर ऑइलचं स्विच शोधा. त्याला एकच वायर असते. त्या स्विचचं काम अगदी साधं आहे: दाब नसला की ते वायर बॉडीला टेकवतं, बत्ती लागते, दाब आला की वायर सोडतं, बत्ती विझते. इंजिन बंदच ठेवा, चावी फिरवा, बत्ती लागेल. आता ती वायर काढून हवेत धरा. बत्ती विझली पाहिजे. विझली नाही तर वायर वाटेत कुठंतरी घासून बॉडीला लागलीय, आणि बत्तीच्या म्हणण्याला अर्थ नाही. विझली, तर वायर चांगली. पण स्विच खोटं बोलतंय की दाब खरंच नाही, हे अजून कळलेलं नाही. ते रस्त्यावर कळणारही नाही. तेव्हा गाडी ओढून न्या.

याच्या उलटंही असतं आणि ते आम्हाला जास्त भीतीदायक वाटतं. चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, तरी ऑइलची बत्ती लागत नाही. पुष्कळ मालक म्हणतात, ‘आमच्या गाडीला कधी बत्तीच लागत नाही, इंजिन ठणठणीत आहे.’ अहो, बल्ब गेलाय! किंवा कुणीतरी वायर मुद्दाम काढून ठेवलीय, गिऱ्हाइकाला गाडी विकताना. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा पहिल्यांदा चावी फिरवून तांबडी बत्ती बघा. जी गाडी बत्ती दाखवत नाही तिचा भाव करू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी ओढून गॅरेजला नेली. मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिन चालू करतो, कान लावतो आणि म्हणतो, ‘क्रँकचं काम आहे, इंजिन उतरावं लागेल.’ तुम्ही मान हलवता. भावांनो, कापसाच्या गाडीत हात घालून, बोटानं दोन बोंडं पिंजून कुणी प्रत ठरवली की आपण भांडतो. म्हणतो, ओल मीटरवर मोज, वजन काट्यावर कर. मग इंजिनाची प्रत कानानं ठरवू का देता?

ऑइलचा दाब मोजता येतो. त्याला एक गेज लागतं, एक रबरी नळी लागते आणि स्विचच्या आट्याला बसणारा अडॅप्टर लागतो. स्विच काढायचं, त्याच भोकात हे बसवायचं. अर्ध्या तासाचं काम. स्विच बदलायला काही शे रुपये पडतात, इंजिन उतरवायला काही दहा हजार. त्या दोघांच्या मध्ये हे गेज उभं आहे. आमचं सांगणं एवढंच आहे की बत्तीच्या शब्दावर इंजिन ताबडतोब बंद करा, पण बत्तीच्या शब्दावर इंजिन खोलू देऊ नका. खोलायचा निर्णय गेजच्या काट्यावर होऊ द्या, आणि तो काटा तुम्ही स्वतः बघा.

मोजताना इंजिन पुरतं गरम पाहिजे. थंड इंजिनावर मोजणं म्हणजे फसवणूक, मग ती कुणी मुद्दाम करो की न कळता. आपण वापरतो ते १५ डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशाला जेवढं घट्ट असतं त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढं ते १०० अंशाला उरतं. सकाळी गार गाडीवर मोजलं तर मरायला टेकलेलं इंजिनसुद्धा पैलवानासारखा दाब दाखवतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्यावं, आणि मग दोन आकडे घ्यावेत, एक नुसतं फिरतं असताना, दुसरा २००० फेऱ्यांना. अर्थात बत्ती लागलेली असताना ते इंजिन तापवायला रस्त्यावर पळवायचं नाही. गेज आधी बसवायचं, जागेवरच चालू करायचं, काटा उठलाच नाही तर लगेच बंद करायचं, आणि उठला तर त्याच्यावर नजर ठेवून तापू द्यायचं. नळी पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पायपापासून लांब बांधा. गरम ऑइल तोंडावर उडालं तर डोळा जातो.

किती दाब असावा? खरा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच मानायचा. पुस्तक नसेल तर अंदाजाला म्हणून एवढं ध्यानात ठेवा: गरम इंजिनाला नुसतं फिरताना पाऊण ते एक किलो, आणि २००० फेऱ्यांना दोन किलोच्या वर. गेजवर पौंडाचे आकडे असतील तर एक किलो म्हणजे साधारण १४ पौंड. बत्तीचं स्विच मात्र बहुतेक गाड्यांत अर्ध्या किलोच्या आसपास विझतं. म्हणजे भरधाव गाडीत दाब एक किलोच असला, जो भरधाव इंजिनाला अपुरा आहे, तरी बत्ती विझलेलीच असते. बत्ती शेवटची हाक देते, पहिली नाही.

आता काटा काय सांगतो ते बघू. दोन्ही आकडे चांगले आले, तर स्विच बदला आणि घरी जा. असं किती वेळा होतं म्हणाल, तर आमच्यापुढं आलेल्या गाड्यांत हे काही क्वचित घडलेलं नाही. बार्शीकडच्या एका मालकाला दुसऱ्या ठिकाणी इंजिन उतरवायला सांगितलं होतं, बायकोचे डाग गहाण ठेवायची तयारी झाली होती. गेजवर गरम इंजिनाला सव्वा किलो दाब निघाला. स्विच आतून फुटलं होतं, वायरच्या टोकाला ऑइल पाझरत होतं. ते डाग घरीच राहिले.

नुसतं फिरताना कमी आणि फेरे वाढवले की दाब बऱ्यापैकी चढतो, असं असेल तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगं झिजलीत. फेरे वाढवूनही चढत नसेल तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा चेंबरमधली जाळी यांच्याकडं बघायचं. काटा थरथरत असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतोय: ऑइल कमी आहे किंवा शोषणाऱ्या नळीचा जोड सुटलाय. आणि चालू केल्यावर चांगला दाब, दहा मिनिटांनी खाली, बंद करून थोडा वेळ थांबलं की पुन्हा चांगला, हा खेळ दिसला तर जाळी जवळजवळ नक्कीच चिखलानं भरलीय. बंद केल्यावर चिखल खाली बसतो, चालू केल्यावर पुन्हा जाळीला चिकटतो.

इंजिनाला हात लावायच्या आधी ऑइलचा संशय फेडून घ्या. मघाशी म्हटलं ना, पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूष होऊ नका. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल उतरतंय. नोजल गळतं, किंवा डिझेल पंपाचं सील गेलेलं असतं. पट्टीला वास घ्या. एक थेंब टिपकागदावर टाका आणि तासभर ठेवा. मधला काळा डाग आणि त्याच्याभोवती दूरवर पसरलेलं फिकट कडं दिसलं तर डिझेल आहे. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आलंय. अशा वेळी बेअरिंगं कितीही नवी घाला, ती चार महिन्यांत जातील. आधी नोजल, सील, हेड गॅस्केट बघा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला आणि पुन्हा मोजा.

फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. फिल्टर चोंदला म्हणून दाब एकदम जातो असं सहसा होत नाही, कारण तो चोंदला की त्याच्या बगलेची वाट उघडते आणि न गाळलेलं ऑइल पुढं जातं. म्हणजे दाब टिकतो आणि घाण आत जाते. हे जास्त वाईट, कारण त्याची बत्ती लागत नाही. बाजारात नकली फिल्टर आहेत, रंग तोच, नाव तेच. बाहेरून ओळखता येत नाही. ओळखीच्या दुकानातून घ्या आणि बिल मागा.

यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह. दाब फार वाढला तर जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडणारं हे दार. एक स्प्रिंग आणि एक गोळी किंवा दट्ट्या. दाराखाली एक कण अडकला की दार उघडं राहतं आणि सगळा दाब तिथूनच पळतो. काढायचं, रॉकेलनं धुवायचं, बसायची जागा बघायची, स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडायची. इथं एक लबाडी चालते. स्प्रिंगखाली वॉशर घालतात, म्हणजे काटा वर दिसतो. पण नुसत्या फिरत्या इंजिनात हे दार मुळात बंदच असतं, तेव्हा वॉशर घालून झिजलेल्या बेअरिंगाला काडीचा फायदा नाही. उलट सकाळी थंड घट्ट ऑइलला सुटायला वाट राहत नाही आणि फिल्टर फुटतो. तीच गोष्ट घट्ट ऑइलची आणि डब्यातल्या जादूच्या औषधाची. गाडी विकेपर्यंत बत्ती विझवून ठेवायची असेल तर त्यांचा उपयोग आहे, आणि तुम्ही विकत घेणारे असाल तर ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

मग चेंबर. बहुतेक जिपांचा चेंबर इंजिन न उतरवता खाली येतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, लाकडी ठोकळे नाहीतर घोड्या लावा. चेंबर काढल्यावर धुवायच्या आधी नीट बघा: तळाला काळा चिखल आहे का, तांब्याच्या रंगाची चमक आहे का, सिलिकॉनचे तुकडे आहेत का. हे शेवटचं हल्लीचं दुखणं आहे. गॅस्केटऐवजी ट्यूबमधलं सिलिकॉन पिळतात, हात सैल सोडून पिळतात, आणि जास्तीचं आत गळून थेट जाळीत बसतं. जाळी रॉकेलमध्ये धुवा. पंप खोलला तर झाकणावर खोबणी पडलीय का बघा, गिअरवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजनं फट मोजा. ती ०.१५ मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक पंप कामातून गेला म्हणायचा. झाकण काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासता येतं, पण गिअर झिजले असतील तर पंप बदलायचा. परत बसवताना पंपात ऑइल भरून बसवा. कोरडा पंप ऑइल ओढत नाही.

तिथंच, चेंबर उघडा असताना, बेअरिंगाची एक-एक टोपी काढून बघता येते. सगळ्या एकदम काढू नका, आणि टोप्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. वरचा करडा थर जाऊन खालचा तांब्याचा रंग दिसायला लागला असेल तर ते बेअरिंग संपलं. फट मोजायला प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक दोरा मिळतो. तो मध्ये ठेवून टोपी कसायची, परत काढायची, आणि दोरा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. हा पुरावा आहे. ‘झिजलीत हो’ म्हणून दाखवलेलं बोट हा पुरावा नव्हे.

बेअरिंगं झिजली असतील तर क्रँक मायक्रोमीटरवर मोजून घ्या. तो गोल राहिला असेल तर नवीन बेअरिंगं पुरे होतात. लंबगोल झाला असेल तर ग्राइंडिंग करून पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगं घालावी लागतात. टोप्या कानशीनं घासून फट कमी करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. आणि ग्राइंडिंगहून क्रँक परत आला की त्याची ऑइलची भोकं ब्रश घालून धुतल्याशिवाय, हवा मारल्याशिवाय तो बसवू देऊ नका. आतल्या चुऱ्यानं नवीन बेअरिंग पाचशे किलोमीटरमध्ये खाल्लेलं आम्ही पाहिलंय.

हे सगळं परगावचं शास्त्र आहे असं समजू नका. आपल्या सोलापुरातच प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना १९९२ पासून आहे, देशोदेशीच्या मोटारींना तिथले कॅमशाफ्ट जातात. किर्लोस्कर फेरसच्या सोलापुरातल्या फाउंड्रीत इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. तिथं मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून माल बाहेर पडतो, आणि कामाला आहेत ती आपलीच पोरं. मग त्याच जिल्ह्यात तोच कॅमशाफ्ट गाडीत बसल्यावर कानानं का तपासायचा?

इंजिन का झिजतं याचं आपल्या भागातलं मोठं कारण धूळ. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची खळी चालू असताना जीप फिरते, तेव्हा एअर फिल्टरची काय अवस्था होते ते झाडून बघा. ज्या जुन्या गाड्यांना ऑइलच्या वाटीचा एअर फिल्टर आहे त्यांची वाटी या दिवसांत आठवड्याला धुवा. फिल्टरनंतरची रबरी नळी चिरलेली असेल तर फिल्टर असून नसल्यासारखा. ती धूळ सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल तिला थेट बेअरिंगात नेऊन सोडतं.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यांच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी जाळायला जादा डिझेल सोडतात. गाडी सारखी गावातल्या गावात थोडी थोडी फिरली तर ते काम अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. तिथंही पट्टीवर वाढलेलं ऑइल म्हणजे धोक्याची खूण. या गाड्यांना पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घाला, जिपेचं उरलेलं नको.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना घाई नको. नवीन फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइल भरून बसवा. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, गेज लावलेलंच असू द्या, काटा उठला की मगच डिझेल सोडा. आणि गरम झाल्यावरचे दोन आकडे तारीख घालून बिलाच्या पाठीवर मिस्त्रीकडून लिहून घ्या. पुढच्या वर्षी तेच पुन्हा मोजलं की इंजिन किती झिजलं ते कुणाला विचारावं लागत नाही.

आता बोलणं पुरे. आम्ही गेज, नळी आणि चार मापांचे अडॅप्टर बरोबर आणलेत. सकाळी आलेल्या गाड्या एव्हाना गार झाल्या असतील. भाकरी खाऊन झाली की ज्यांची बत्ती वेळेवर विझते त्यांनी सात-आठ किलोमीटरची चक्कर मारून यावं आणि मांडवामागं ओळीनं गाड्या लावाव्यात. वही ठेवलीय, आकडे तुमच्यासमोर लिहू. ज्यांच्या गाडीत चावी फिरवल्यावर तांबडी बत्ती लागतच नाही, त्यांनी चक्कर न मारता आधी यावं.